वाळल्या गवताचे देशोदेशीचे भाव: तुलना देशांची नको, वाटांची करा

प्रश्न थोडक्यात असा, की तुम्ही अमेरिका, ऑस्ट्रेलिया, स्पेन, ब्रिटन, आयर्लंड आणि कॅनडा इथले वाळल्या गवताचे २०१८ पासूनचे भाव जमवलेत, सगळे डॉलर प्रति टनात बदललेत, एका ग्राफवर चढवलेत आणि आता रेघा एकमेकींशी जुळतच नाहीयेत. एक वर निघालीय तेव्हा दुसरी खाली. त्यातून जागतिक ट्रेंड कसा काढायचा आणि स्वस्त देश कुठला, असं विचारलंय.

जागतिक ट्रेंड काढायच्या फंदात पडू नका, कारण तो नाहीचये. ग्राफ चुकला असेल असं वाटून तुम्ही तो "दुरुस्त" करायला गेलात, सरासऱ्या काढून गुळगुळीत केलात, तर जे खरं दिसतंय तेच पुसून टाकाल. मी वीसेक वर्षं मोठ्या डेअऱ्यांसाठी वैरण खरेदीचं काम करतोय आणि सुरुवातीला मीही हाच ग्राफ काढून बसलो होतो. गव्हाला, मक्याला, सोयाबीनला वायदेबाजार आहे, शिकागोत भाव हलला की दुसऱ्या दिवशी सगळीकडे हलतो. गवताला वायदाच नाही. गवत फुगीर असतं, किमतीच्या मानाने वाहून न्यायला महाग पडतं, त्यामुळे जगात पिकतं त्यातलं बहुतेक गवत आसपासच्याच गोठ्यांत खपतं. अमेरिका हा सगळ्यात मोठा निर्यातदार, पण तोसुद्धा वर्षाला साधारण दहा कोटी टन पिकवतो आणि त्यातलं तीन-चार टक्के बाहेर पाठवतो. म्हणजे अमेरिकेच्या सरासरी भावात बाहेरच्या जगाचा आवाज अगदी बारीक ऐकू येतो, आणि वॉशिंग्टन राज्य किंवा कॅलिफोर्निया अशा निर्यात करणाऱ्या पश्चिमेकडच्या राज्यांच्या भावात मात्र तोच आवाज कानठळ्या बसवतो. देश हे माप इथे चालत नाही ते म्हणून, माल कुठून कुठे जातो ती वाट बघायची.

(एक सांगून ठेवतो, इंग्रजी "हे" (hay) मराठीत लिहिलं की सर्वनाम वाटतं आणि वाक्याचा बट्ट्याबोळ होतो, म्हणून मी गवतच म्हणणार, आणि अल्फाल्फा किंवा ल्युसर्नला लसूणघास.)

आधी मापातलं पाप बघू. अमेरिकेचा टन म्हणजे दोन हजार पौंड, ९०७ किलो. ऑस्ट्रेलिया, स्पेन, ब्रिटन आता मेट्रिक टनात बोलतात, १००० किलो. त्यामुळे अमेरिकेत २०० डॉलरचं गवत मेट्रिकमध्ये २२० डॉलरचं होतं, आणि हा दहा टक्के फरक तुमच्या ग्राफवर "अमेरिका स्वस्त" असा दिसतो. मी धंद्यात नवीन असताना एका सप्लायरचा कोट मेट्रिक समजून पास केला होता, माल आला तेव्हा हिशेबात दर टनामागे ९३ किलो कमी. भांडायलाही जागा नव्हती, त्याने "टन" लिहिलं होतं आणि त्याच्याकडे टन तेवढाच असतो. कॅनडाच्या प्रेअरीत, म्हणजे पश्चिमेकडच्या गवताळ मैदानी प्रांतांत, भाव सेंट प्रति पौंड सांगतात, म्हणजे आठ सेंट ऐकलं की तो मेट्रिक टनाला साधारण १७६ कॅनेडियन डॉलर झाला. जर्मनीत शंभर किलोच्या मापाने. आणि आयर्लंडमध्ये बऱ्याचदा भाव गठ्ठ्यावर असतो, गोल गठ्ठा अमुक युरोला, आता तो गठ्ठा २०० किलोचा की २५० चा हे बांधणाऱ्याच्या मशीनवर आणि कसून बांधलाय की सैल यावर. ४० युरोचा गठ्ठा २५० किलोचा असेल तर १६० युरो टन, २०० चा असेल तर २०० युरो टन. तुमच्या आयर्लंडच्या रेघेत जे दातेरी चढउतार दिसतायत ना, त्यातले काही भावाचे नसून वजनाचे असणार.

मग येते प्रत, आणि खरं तर सगळ्यात जास्त गफलत हिच्यात होते. "गवत" ही एक वस्तू नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या बाजार अहवालात लसूणघासीच्या पाच प्रती असतात: सुप्रीम, प्रीमियम, गुड, फेअर आणि युटिलिटी. सुप्रीम म्हणजे प्रथिनं २२ टक्क्यांच्या वर आणि आरएफव्ही १८५ च्या वर, युटिलिटी म्हणजे प्रथिनं १६ च्या आणि आरएफव्ही १३० च्या खाली. आरएफव्ही हा वैरणीचा गुणांक आहे, जनावर किती खाईल आणि त्यातलं किती पचेल हे तंतूंच्या प्रमाणावरून काढतात, आणि पूर्ण फुलोऱ्यावर कापलेल्या लसूणघासीला १०० धरतात. वरची आणि खालची प्रत यांच्या भावात एकाच बाजारात, एकाच आठवड्यात, टनाला शंभर डॉलरचा फरक पडू शकतो. आता तुम्ही एका देशाची सगळ्या प्रतींची सरासरी घेतली आणि दुसऱ्या देशाचा फक्त निर्यातीच्या मालाचा भाव, तर तुलना कशाची झाली?

बरं, प्रतीतला हा फरक कायम तेवढाच राहत नाही, आणि इथे मजा आहे. २०२२ च्या वसंतात (तिकडे तो सप्टेंबर ते नोव्हेंबर) ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडे पावसाने झोडपलं, ऑक्टोबरमध्ये व्हिक्टोरिया आणि न्यू साउथ वेल्समध्ये पूर आले, कापलेलं गवत शेतातच भिजलं. गवत भरपूर होतं, पण काळपट पडलेलं, धुऊन निघालेलं. चांगलं हिरवंगार गवत मात्र शोधून सापडेना. साध्या मालाला उचल नाही आणि उत्तम मालाला भाव मागाल तो, दोन्ही एकाच वेळी. अशा वर्षी "ऑस्ट्रेलियात भाव काय" या प्रश्नाला एक आकडा असूच शकत नाही, आणि सरासरी काढली तर ती दोन्हीकडच्या खरेदीदाराला फसवते. डेअरीवाल्याला तर जास्तच, कारण त्याला दुभत्या गायींसाठी वरचाच माल लागतो. अमेरिकन कृषी खातं म्हणूनच मोठ्या दूध उत्पादक राज्यांतल्या प्रीमियम-सुप्रीम लसूणघासीचा भाव वेगळा छापायला लागलं, आणि डेअरीवाल्यांच्या मार्जिन संरक्षण योजनेत (दुधाचा भाव आणि चाऱ्याचा खर्च यांतलं अंतर घटलं की भरपाई देणाऱ्या) चाऱ्याचा खर्च आता त्यावरून धरतात. तुम्ही डेअरीच्या नजरेने बघत असाल तर तोच घ्या, साधी सरासरी सोडा.

घोड्यांचं गिऱ्हाईक हा आणखी वेगळा प्रकार. ब्रिटनमध्ये छोटे चौकोनी गठ्ठे, वीसेक किलोचे, एका माणसाला उचलता येणारे, ते टनाच्या हिशेबाने मोठ्या गठ्ठ्यांपेक्षा बरेच महाग असतात, आणि घेणारा घोडेवाला असतो जो प्रथिनं नाही विचारत, धूळ आणि बुरशी नाही ना एवढं बघतो. फ्रान्समध्ये मार्सेलच्या वायव्येला क्रो म्हणून दगडाळ मैदान आहे, तिथल्या गवताला १९९७ पासून वाइनसारखी उगमस्थानाची सरकारी मान्यता आहे, गठ्ठे लाल-पांढऱ्या सुतळीने बांधतात म्हणजे नक्कल कळावी. त्या गवताचा भाव तुमच्या ग्राफमध्ये घुसला तर फ्रान्स उगाच महाग दिसेल. असले आकडे बाजूला काढायचे.

तिसरी गोष्ट म्हणजे भाव कुठला: बांधावरचा, बंदरावरचा की पोच? अमेरिकेच्या मासिक आकडेवारीत शेतकऱ्याला मिळालेला भाव असतो, म्हणजे बांधावरचा. ब्रिटनचे आठवड्याचे भाव गवत-काड व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून येतात. ऑस्ट्रेलियात डेअरी ऑस्ट्रेलियाचा अहवाल प्रदेशवार असतो. व्यापाराची आकडेवारी बघाल तर निर्यात करणारा देश बहुतेक जहाजावर चढवलेल्या मालाची किंमत लिहितो आणि आयात करणारा भाडं-विमा धरून. एकाच कंटेनरला दोन किमती, आणि दोन्ही बरोबर. त्यात कस्टम्सच्या कोडचा घोळ असा, की आंतरराष्ट्रीय सहा आकडी कोडमध्ये १२१४१० खाली लसूणघासीचा भुकटा आणि पेलेट येतात आणि १२१४९० खाली बाकी सगळं, म्हणजे लसूणघासीचे गठ्ठे, टिमोथी (थंड हवेतली गवताची एक जात), ओटचं गवत सगळं एकाच पोत्यात. एखाद्या देशाची १२१४९० ची सरासरी किंमत वाढलेली दिसली तर भाव वाढले असतील किंवा त्यांनी ओट सोडून लसूणघास जास्त घेतली असेल, कोड तुम्हाला सांगणार नाही. आठ किंवा दहा आकडी कोड मिळत असेल तर तोच घ्यायचा.

आता तुमच्या मूळ ग्राफकडे येतो, कारण रेघा जुळत नाहीत याला कारण आहे आणि ते कारणच वाचण्यासारखं आहे. अमेरिकेची रेघ २०२१ पासून चढत गेलीय, २०२२ च्या शेवटी आणि २०२३ च्या सुरुवातीला लसूणघासीची देशभराची सरासरी त्यांच्या टनाला २८० डॉलरच्या आसपास पोचली, २०१२ च्या मोठ्या दुष्काळानंतर जे शिखर झालं होतं ते २२० च्या आसपास होतं त्याच्याही खूप वर, आणि मग २०२४ च्या शेवटापर्यंत ती १७०-१८० च्या घरात उतरली. ऑस्ट्रेलियाची रेघ त्याच्या उलट. २०१८-१९ मध्ये पूर्वेकडच्या दुष्काळात भाव सरासरीच्या दुपटीच्या वर गेले, वेस्टर्न ऑस्ट्रेलियातून ट्रकांचे ताफे हजारो किलोमीटर, नलारबोरचं ओसाड मैदान पार करून गवत घेऊन गेले, आणि अमेरिकेत भाव पेटले होते तेव्हा ऑस्ट्रेलियात पाऊस आणि मंदी. योगायोग नाही हो. २०२० ते २०२३ सलग तीन हिवाळे ला निना होता, म्हणजे विषुववृत्ताजवळच्या पॅसिफिकचं पाणी नेहमीपेक्षा थंड. ला निनात साधारणपणे ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला पाऊस जास्त पडतो आणि अमेरिकेचा नैऋत्य भाग कोरडा राहतो. पॅसिफिकच्या एका बाजूला पाऊस कमी, दुसऱ्या बाजूला जास्त, आणि दोन देशांच्या गवताच्या रेघा एकमेकींच्या उलट्या. तुम्ही त्या दोघींची सरासरी काढली असती तर एक सपाट, निरर्थक रेघ हाती आली असती.

आणि गंमत म्हणजे पाऊस जास्त म्हणून भाव उतरतील हेही सगळीकडे खरं नाही. आयर्लंडमध्ये २०१३ च्या वसंतात चाऱ्याचं संकट आलं ते आधीचा उन्हाळा भिजट गेला म्हणून. गवत वाळलंच नाही, साठा झाला नाही, हिवाळा लांबला, आणि ब्रिटन-फ्रान्सहून गवत आणावं लागलं, सरकारने वाहतुकीला अनुदान दिलं. २०१८ मध्ये तिथे एकाच वर्षात दोन्ही झालं, वसंतात थंडी लांबली म्हणून टंचाई आणि उन्हाळ्यात चक्क दुष्काळ. त्या वर्षीची तेजी बघून "युरोपात दुष्काळामुळे भाव चढले" असं एका ओळीत लिहिणाऱ्याने आयर्लंडचा पहिला अर्धा भाग वाचलेलाच नसतो. गवताला पाणी वाढताना लागतं आणि कापल्यावर नको असतं, म्हणून पावसाचा एकूण आकडा बघून उपयोग नाही, कुठल्या महिन्यात पडला ते बघा.

अमेरिकेच्या तेजीत निव्वळ दुष्काळ नव्हता, आणि हा भाग जरा सावकाश सांगतो, कारण कुणाच्या पाण्याचा भाव कुणाच्या दुधात कसा जातो ते इथे दिसतं. ऑगस्ट २०२१ मध्ये कोलोराडो नदीवर इतिहासात पहिल्यांदा अधिकृत टंचाई जाहीर झाली, २०२२ साठी ॲरिझोनाचं पाणी कापलं, त्यात पिनाल काउंटीच्या शेतकऱ्यांना सगळ्यात जास्त फटका बसला. त्याच पट्ट्यात कॅलिफोर्नियाचं इम्पीरियल खोरं, जिथे शेतकऱ्याला पाणी एकर-फुटाला (एक एकरावर एक फूट उभं राहील एवढ्या पाण्याला) वीसेक डॉलरने मिळतं आणि लसूणघासीच्या वर्षाला आठ-दहा कापण्या होतात, तर विस्कॉन्सिनसारख्या थंड राज्यात तीन-चार. आता दुसऱ्या टोकाला सौदी अरेबिया. तिथे भूजल पुन्हा न भरणारं आहे, हिरव्या चाऱ्यात ते इतकं गेलं की सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये ठरवलं, तीन वर्षांत हिरवा चारा पिकवणं बंद करत आणायचं. गायी मात्र तिथेच. मग चारा बाहेरून. सौदीच्या अल्मराई या डेअरी कंपनीने त्याआधीच, २०१४ मध्ये, ॲरिझोनात जवळपास दहा हजार एकर घेतले होते, २०१६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या ब्लाइथमध्ये आणखी. ॲरिझोनात त्यांच्या उपकंपनीकडे राज्याची भाडेपट्ट्याची जमीन होती, एकरी वर्षाला २५ डॉलर आणि खालचं पाणी उपसायला मोजमाप नाही. गदारोळ झाला, ऑक्टोबर २०२३ मध्ये गव्हर्नर केटी हॉब्स यांनी ते पट्टे संपवायचं जाहीर केलं. म्हणजे एका देशाने आपलं पाणी वाचवायचा कायदा केला, तो भार दुसऱ्या देशाच्या वाळवंटातल्या विहिरींवर गेला, आणि काही वर्षांनी तिथलं राजकारण पेटलं. तुमच्या भावाच्या तक्त्यात यातलं काही दिसत नाही, पण रेघेचा उतार यानेच ठरतो.

त्याच वेळी चीन. २००८ मध्ये दुधात मेलामाइन या रसायनाची भेसळ सापडली, त्या प्रकरणानंतर तिथे मोठ्या बंदिस्त डेअऱ्या उभ्या राहिल्या आणि त्यांना उत्तम प्रतीची लसूणघास लागायला लागली. त्याआधी आयात नगण्य होती, २०१५ पर्यंत दहा लाख टनांच्या वर गेली, आणि २०२२ मध्ये १८ लाख टनांच्या जवळ, विक्रमी. ही वाढही सरळ नाही झाली. २०१४ मध्ये जनुकीय सुधारित लसूणघासीचा अंश सापडला म्हणून चीनने अमेरिकेचे कंटेनर परत पाठवले, २०१८ मध्ये व्यापारयुद्धात २५ टक्के जादा कर लावला. आणि मग २०२३ मध्ये एकदम खरेदी दहा लाखांच्या आसपास घसरली. का? गवत महाग झालं हे एक कारण, पण त्याहून मोठं कारण तिथल्या दुधाचा भाव. २०२१ च्या ऑगस्टमध्ये किलोला ४.३८ युआनपर्यंत गेलेलं दूध २०२४ च्या अखेरीस ३.१ च्या आसपास होतं. दुधाचा भाव पडला की डेअरीवाला पहिल्यांदा काय करतो? गायी विकत नाही लगेच, गायींच्या खुराकातून महागडं गवत काढतो आणि स्वस्त काहीतरी घालतो. त्यामुळे अमेरिकेत २०२३ नंतरची मंदी ही फक्त पाऊस बरा झाला म्हणून आलेली नाही, समुद्रापलीकडच्या दुधाने आणलेली आहे. अमेरिकेत पाऊस-पाण्याचे नकाशे बघत बसलेले लोक त्या वर्षी चुकले, आणि त्यात मीही होतो, एक मोठा लॉट शिखराच्या जवळ घेऊन ठेवला आणि सहा महिन्यांत तो आतबट्ट्याचा ठरला.

भाड्याचं पण ऐका. आशियातून भरलेले कंटेनर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर येतात आणि परत जाताना रिकामे असतात, म्हणून परतीचं भाडं कमी. गवताचे गठ्ठे दाबून निम्मे-पाव केले की चाळीस फुटी कंटेनरमध्ये पंचवीसेक टन बसतात. याच कारणाने कित्येकदा इम्पीरियल खोऱ्यातलं गवत ट्रकने कॅलिफोर्नियाच्याच मधल्या खोऱ्यातल्या डेअरीला पोचवण्यापेक्षा समुद्रापलीकडे पाठवणं टनामागे स्वस्त पडायचं. अंतर नाही, वाट महत्त्वाची. मग २०२१ मध्ये जहाज कंपन्यांना रिकामे कंटेनर पटकन परत नेऊन पुन्हा महागडा माल भरणं जास्त परवडायला लागलं, गवतवाल्यांना कंटेनर मिळेनात, अमेरिकेने जून २०२२ मध्ये त्यावर कायदाच केला. त्या काळात बांधावरचा भाव आणि जपानच्या बंदरावरचा भाव यांच्यातलं अंतर इतकं वाढलं की एकावरून दुसऱ्याचा अंदाजच बांधता येत नव्हता.

जपानचं नाव निघालंच आहे तर चलनाचं बोलू. तुम्ही सगळं डॉलरमध्ये बदललंत, ठीक आहे, पण डॉलरमध्ये गवत खातं कोण? समजा बंदरावर माल टनाला ४५० डॉलर. २०२२ च्या सुरुवातीला डॉलर ११५ येनच्या आसपास, म्हणजे ५१,७५० येन. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डॉलर १५० वर, म्हणजे ६७,५०० येन. डॉलरमध्ये भाव एक सेंटही न हलता डेअरीवाल्याला तीस टक्के महाग. आणि प्रत्यक्षात डॉलरचा भावही चढत होता. पुढे डॉलरचा भाव उतरला पण २०२४ च्या मध्यात येन १६० पर्यंत घसरला, उतार तिकडे पोचलाच नाही पूर्ण. तुमच्या ग्राफवर २०२३-२४ ची मंदी छान दिसतेय, जपानमधल्या होक्काइडोच्या शेतकऱ्याला ती तशी दिसली नाही. म्हणून मी नेहमी दोन ग्राफ काढतो. विकणाऱ्याच्या चलनात एक, घेणाऱ्याच्या चलनात एक. डॉलरचा तिसरा फक्त साहेबांना दाखवायला.

स्पेनची रेघ वेगळी का चालते, तर तिथली लसूणघास बरीचशी उन्हात नाही, मशीनमध्ये वाळते. एब्रो नदीच्या खोऱ्यात, अरागॉन आणि कॅटलोनियात, मोठे फिरते ड्रम आहेत, त्यात गरम हवा सोडून पाला न झडता वाळवतात, आणि ती गरम हवा बहुतेक नैसर्गिक वायूची. पाऊस आला तरी माल हिरवा निघतो हा फायदा, पण २०२१-२२ मध्ये युरोपात वायूचा भाव भडकला तेव्हा स्पेनच्या गवताचा खर्चही त्याच्याबरोबर वर गेला. त्यानंतर २०२३ मध्ये दुष्काळ, एप्रिलमध्ये उर्गेल कालव्याचं सिंचन बंद करावं लागलं, दीडशेपेक्षा जास्त वर्षांच्या इतिहासात असं पहिल्यांदाच. म्हणजे एकदा वायू, एकदा पाणी, दोन्ही वेळा तेजी आणि कारणं वेगळी. कॅटलोनियातल्या लेइदाच्या बाजारात लसूणघासीचा भाव ठरून छापला जातो, त्याच्या शेजारी युरोपच्या वायूचा भाव ठेवून बघा, अमेरिकेच्या गवतापेक्षा जास्त उलगडा होईल. स्पेनचं मोठं गिऱ्हाईक अमिराती, सौदी, जॉर्डन आणि आशिया, माल सुएझमधून जायचा, २०२३ च्या शेवटी तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाले तसे जहाजांचे मार्ग आफ्रिकेला वळसा घालून गेले आणि भाड्याचा हिशेब पुन्हा बदलला.

ऑस्ट्रेलियात आणखी एक धडा आहे, सरकारी. तिथलं ओटचं गवत जपान, चीन, कोरिया, तैवानला जातं. २०२१ च्या फेब्रुवारीत चीनने बहुतेक ऑस्ट्रेलियन निर्यातदारांचे परवाने नूतनीकरण न करता संपू दिले, बंदी असा शब्द कुठेच नाही, फक्त कागद पुढे सरकेना. २०२३ मध्ये दार पुन्हा उघडलं. मधल्या काळातला ऑस्ट्रेलियन निर्यातीचा भाव हवामानाने समजावायला जाल तर डोकं फिरेल.

ऋतूचंही लक्षात ठेवा, उत्तर गोलार्धात पहिली कापणी वसंत संपता संपता, ऑस्ट्रेलियात ओटची कापणी सप्टेंबर ते नोव्हेंबर. अमेरिकेचं गवताचं वर्ष मे ते एप्रिल, स्पेनच्या वाळवणाचा हंगाम एप्रिल ते मार्च. जानेवारी-डिसेंबर सरासऱ्या लावल्या की एकाचं नवं पीक दुसऱ्याच्या जुन्या साठ्याशी ताडलं जातं. महिन्याचे आकडे घ्या आणि प्रत्येकाची तुलना त्याच्याच गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा. अमेरिकेत १ मे आणि १ डिसेंबरला शेतांवरच्या साठ्याचे आकडे येतात, भाव वळायच्या आधी ते वळतात असा माझा अनुभव, डिसेंबर २०२२ चा साठा कित्येक दशकांतला नीचांक होता आणि पुढच्या चार महिन्यांची तेजी त्यात लिहिलेलीच होती.

तर तुमचा तक्ता मी असा पुन्हा मांडेन. देशांच्या रांगा काढून टाका, वाटा लिहा: वॉशिंग्टन राज्य ते जपान, कॅलिफोर्निया-ॲरिझोना ते सौदी, अमेरिकेचा पश्चिम किनारा ते चीन, स्पेन ते अमिराती, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया ते जपान. प्रत्येक वाटेवर एकच जात आणि एकच प्रत, लसूणघास तर लसूणघास, टिमोथीत ओट मिसळायचा नाही. तीन आकडे: बांधावरचा, बंदरावरचा, पोच. सगळं मेट्रिक टनात आणि शक्यतो कोरड्या वजनावर, कारण १० टक्के ओलीचं गवत आणि १५ टक्के ओलीचं गवत यात तुम्ही पाण्याचे पैसे देता, आणि त्याहून जास्त ओल असेल तर बुरशीचे. मग प्रत्येक रेघेला तिच्या चलनात एका बऱ्या वर्षाला १०० धरा. ते बरं वर्ष २०१८ धरू नका, तुमची सुरुवातच ऑस्ट्रेलिया आणि युरोप दोन्हीकडच्या दुष्काळात होतेय, त्यामुळे पुढची सगळी वर्षं स्वस्त वाटतील. दोन-तीन वर्षांची सरासरी पाया म्हणून घ्या. आयर्लंड आणि ब्रिटन या तक्त्यातून काढा आणि वेगळ्या पानावर ठेवा, ते बाजार मुख्यतः आपापल्या पावसावर आणि शेजारच्या देशातल्या शिल्लक मालावर चालतात, महासागरी वाटांशी त्यांचा फारसा संबंध नाही. कॅनडाचे दोन भाग करा, अल्बर्टाची टिमोथी जपानच्या वाटेवर, प्रेअरीचं बाकी गवत घरच्या बाजारात. २००२ च्या आणि २०२१ च्या दुष्काळात पूर्वेकडच्या शेतकऱ्यांनी पश्चिमेला गवत पाठवलं तेव्हा भाड्यासाठी मदत गोळा करावी लागली होती, एकाच देशात, यावरून तिथला "राष्ट्रीय सरासरी भाव" किती अर्थाचा ते कळेल.

आणि स्वस्त देश कुठला? बांधावर विचाराल तर प्रत्येक वर्षी वेगळा, ज्याच्याकडे पाऊस वेळेवर पडला तो. पोच विचाराल तर आधी तुमचं बंदर सांगा, कुठल्या जनावराला घालायचंय ते सांगा, आणि पैसे कुठल्या चलनात देणार ते सांगा. दुभत्या गायींसाठी असेल तर टनाचा भाव सोडून प्रति किलो पचणाऱ्या सत्त्वाचा भाव काढा, त्यात बऱ्याचदा महागडी सुप्रीम लसूणघास स्वस्त ठरते आणि भाकड गायींसाठी मात्र युटिलिटीच परवडते. एवढं कळवलंत तर तुमच्या वाटेपुरता हिशेब मांडून देतो, तोवर पहिली दुरुस्ती अमेरिकेच्या रांगेला १.१०२ ने गुणण्याची करून ठेवा.